नाव कमी केल्याचा दाखला

पडद्यावरची एखादी विंडो बंद केली, की ती खरंच गेली का हे पाहत बसायची मला खोड आहे. वापरणाऱ्याला त्यात बघण्यासारखं काही नसतं. कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं, विंडो नाहीशी झाली, मागचं दिसू लागलं, संपलं. पण आम्हा प्रोग्रामर मंडळींच्या पडद्याच्या तळाशी आणखी एक पट्टी असते, ‘आउटपुट’ नावाची. तिथे प्रोग्राम स्वतःशी पुटपुटत असतो. विंडो मिटली की मी नजर तिकडे वळवते आणि वाट बघते. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने तिथे एक ओळ उमटते. अमुक नावाचा ऑब्जेक्ट, त्याचा क्रमांक आणि पुढे एकच शब्द, ‘फायनलाइज्ड’. गेला. कधी कधी ती ओळ येतच नाही. विंडो दिसत नाही, पण तिच्यामागचं जे काही होतं ते अजून कुठेतरी ठाण मांडून आहे.

ही ओळ छापायची युक्ती माझी नाही. जॉश स्मिथ यांनी 2009 च्या फेब्रुवारीत ‘एमएसडीएन मॅगझिन’मध्ये एक लेख लिहिला होता. डब्ल्यूपीएफवर, म्हणजे विंडोज प्रोग्रामांचे पडदे घडवायच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनावर, काम करणाऱ्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी तो कधी ना कधी वाचला आणि त्याच्या जोडीचा कोड उतरवून घेतला. त्यात ‘व्ह्यूमॉडेलबेस’ नावाचा एक क्लास होता, बाकी सगळी व्ह्यूमॉडेलं ज्याच्यापासून निघायची तो. त्या क्लासमध्ये एक फायनलायझर होता, म्हणजे ऑब्जेक्ट मेमरीतून काढला जाताना चालणारा कोड. काम एकच, जाताना नाव सांगायचं. आणि हा तुकडा फक्त डीबग बिल्डसाठी होता. ग्राहकाच्या मशीनवर जो प्रोग्राम जाई त्यातून तो वगळला जाई. माझ्या टेबलावर ऑब्जेक्ट नाव सांगून जातात आणि ग्राहकाकडे मुकाट्याने, ही व्यवस्था मला पहिल्यापासून थोडी विचित्र आणि थोडी योग्य वाटत आली आहे.

व्ह्यूमॉडेल ही मधली असामी आहे. एका बाजूला डोळ्यांना दिसणारा पडदा, दुसऱ्या बाजूला आकडे, नोंदी, नियम. मायक्रोसॉफ्टमधल्या जॉन गॉसमन यांनी 2005 मध्ये या मांडणीबद्दल लिहिलं, तेव्हापासून हे नाव रुळलं. ‘सेव्ह’चं बटण आत्ता दाबता यावं की नाही, यादीतली कुठली ओळ निवडलेली आहे, चुकीचा आकडा भरला तर काय संदेश दाखवायचा, हे सगळं व्ह्यूमॉडेलला ठाऊक असतं. बटणाचा रंग मात्र ठाऊक नसतो. पडदा कसा दिसतो हे न बघता पडद्याची सगळी काळजी वाहायची, असं ते काम. प्रत्येक पडद्याला एक व्ह्यूमॉडेल, आणि प्रत्येकाला ‘माझी किंमत बदलली’ अशी हाक देता यायला हवी. तोच तो कोड शंभर ठिकाणी कोण लिहिणार? म्हणून बेस क्लास. मग वर्षं जातात. बेस क्लासमध्ये ‘काम चालू आहे’ दाखवणारा झेंडा येतो, चूक झाली की काय करायचं ते येतं, लॉगिंग येतं. आणि एक दिवस कुणीतरी त्यात ‘डिस्पोज’ आणून ठेवतं. जाताना आवरून जायची सोय.

खरं तर प्रोग्रामरने आवराआवर करूच नये, ही कल्पना फार जुनी. जॉन मॅकार्थी यांनी 1959 च्या सुमारास एमआयटीत लिस्प ही भाषा घडवताना ती काढली. वापरून झालेली मेमरी यंत्रानेच गोळा करायची. डब्ल्यूपीएफ ज्यावर उभं आहे ते डॉटनेट 2002 मध्ये आलं ते ही सोय घेऊनच. तिची रीत मला दरवेळी विचारात पाडते. गार्बेज कलेक्टर मेलेल्यांचा शोध घेत नाही. तो जिवंतांच्या मागावर असतो. चालू फंक्शनांमधली व्हेरिएबल्स, स्टॅटिक फील्ड्स अशा काही ठरलेल्या जागांपासून निघतो. तिथून ज्याच्याकडे बोट जातं त्याच्यापाशी, त्याचं बोट ज्याच्याकडे असेल त्याच्यापाशी, असं जिथवर पोचता येईल तिथवर खुणा करत जातो. ज्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही त्यांची जागा मोकळी. तुमचा काही उपयोग उरला आहे का, हे तो विचारत नाही. कुणाला तरी तुमचा पत्ता ठाऊक आहे का, एवढंच बघतो.

आता समजा, शेअर बाजाराचे भाव दाखवणारी एक विंडो आहे. भाव आणणारी सर्व्हिस प्रोग्राम सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत एकच असते. विंडो मात्र दिवसभरात कितीदा तरी उघडते, मिटते. उघडली की नवं व्ह्यूमॉडेल जन्माला येतं आणि सर्व्हिसला सांगतं, भाव बदलला की मला कळव. सी शार्प या डॉटनेटच्या भाषेत एवढं सांगायला अधिक आणि बरोबर ही दोन चिन्हं पुरतात. कोड वाचताना वाटतं, व्ह्यूमॉडेलने सर्व्हिसला धरलं. झालेलं असतं उलटं. सर्व्हिसच्या यादीत व्ह्यूमॉडेलचं नाव चढलेलं असतं. विंडो मिटते, तिला सगळे विसरतात, सर्व्हिस विसरत नाही. सर्व्हिस जिवंत, म्हणून तिची यादी जिवंत, म्हणून यादीतलं प्रत्येक नाव जिवंत. भाव हलला की ती मिटलेल्या विंडोंच्या व्ह्यूमॉडेलांनाही इमानाने कळवते, आणि तीही बिचारी आपले आकडे बदलत बसतात. बघायला कुणी नाही.

माझं लग्न झालं तेव्हा सासरच्या रेशनकार्डावर नाव चढवायचं म्हणून माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला लागणार होता. अर्ज भरलेला होता, लग्नपत्रिका जोडलेली होती, ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर. तरी बाबांचं ‘बघू पुढच्या आठवड्यात’ चालू राहिलं. आई तर सरळच म्हणायची, ‘असू दे गं, काय घाई आहे?’ तेवढे दिवस माझ्या वाटणीची साखर त्या घरी येत राहिली. मी तिथे राहत नव्हते, पण त्या केशरी कार्डावर मी एक युनिट होते, आणि दुकानदाराच्या लेखी युनिट म्हणजेच माणूस. सर्व्हिसच्या यादीतलं व्ह्यूमॉडेल पाहिलं की मला ते कार्ड आठवतं. माणूस हलला म्हणून नाव आपोआप हलत नाही. ज्याला जायचं त्यानेच अर्ज करायचा. कोडमध्ये त्या अर्जाची चिन्हं वजा आणि बरोबर. आणि नाव चढवताना जर निनावी फंक्शन वापरलं असेल, तर अर्ज करूनही उपयोग नसतो. तस्संच दुसरं फंक्शन लिहून ‘याला काढा’ म्हटलं, तर यादीत ते सापडत नाही आणि प्रोग्राम तक्रारही करत नाही.

अशी एखादी राहिलेली विंडो कुणाला जाणवत नाही. लिहिणारा प्रोग्राम चालवतो, दोन बटणं दाबून बघतो, बंद करतो. साचतं ते दुसरीकडेच, जिथे प्रोग्राम सकाळी उघडला जातो आणि संध्याकाळपर्यंत मिटतच नाही तिथे. साचण्याची सगळ्यात लांबची गोष्ट मला ठाऊक आहे ती मंगळावरची. ‘नासा’ची स्पिरिट ही बग्गी 2004 च्या जानेवारीत तिथे उतरली. काही दिवस छान काम केलं आणि मग तिचा कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा स्वतःच रीस्टार्ट होऊ लागला. हात तुटला नव्हता, चाक अडकलं नव्हतं. पृथ्वीवरून निघाल्यापासूनच्या फायली तिच्या फ्लॅश मेमरीत तशाच पडून होत्या, आणि त्या सगळ्यांची यादी चालू मेमरीत मावेनाशी झाली होती. काही महिन्यांच्या प्रवासातल्या फायली, प्रवास संपल्यावर कुणाच्या कामाच्या नसलेल्या. इंजिनिअरांनी तिला फ्लॅश मेमरीकडे न बघता सुरू व्हायला सांगितलं, मग फायली पुसल्या, आणि ती पुढे 2010 पर्यंत बोलत राहिली. यातली एकही फाईल मोठी किंवा वाईट नव्हती, हे मला जास्त लागून राहतं. तिच्यात नव्याने काही बिघडलं नव्हतं. आधीचं संपलेलं नव्हतं, इतकंच.

तर बेस क्लासमधला डिस्पोज. डॉटनेटमध्ये तो लिहायची एक रीतसर पद्धत आहे, आणि ती पहिल्यांदा बघणाऱ्याला एखाद्या कर्मकांडासारखी वाटते. एक उघड मेथड, तिच्या आत दुसरी, तिला एक खरं-खोटं दर्शवणारा पॅरामीटर. ‘मला कुणी जाणूनबुजून आवरायला सांगितलं, की मी फायनलायझरच्या वाटेने आलो?’ हे त्यावरून ठरतं. कारण फायनलायझर चालतो तेव्हा आपण धरलेले बाकीचे ऑब्जेक्ट आधीच फायनलाइज झालेले असू शकतात. त्या वेळी त्यांना हात लावायचा नाही. शिवाय डिस्पोज दोनदा बोलावला तरी काही बिघडता कामा नये. आणि चाइल्ड क्लासने आपलं आवरून झालं की शेवटी बेसच्या डिस्पोजला हाक द्यायची. उभारताना बेस आधी, मग चाइल्ड. उतरवताना चाइल्ड आधी, मग बेस. वरचा अजून टेकलेला असताना खालचा काढून कसं चालेल?

सी प्लस प्लसमध्ये हा क्रम भाषाच पाळते. तिथला डिस्ट्रक्टर आपलं काम संपलं की बेसच्या डिस्ट्रक्टरकडे आपोआप जातो. ब्यार्ने स्त्रौस्त्रुप यांनी ती भाषा घडवताना घेणं आणि सोडणं एकाच ऑब्जेक्टच्या जन्ममरणाला बांधून टाकलं. सी शार्पमध्ये हे माणसाच्या लक्षात राहण्यावर सोपवलेलं आहे. चाइल्ड क्लास लिहिणाऱ्याने बेसला हाक दिली नाही, तर कंपायलर गप्प, प्रोग्राम गप्प. ज्या बेस क्लासने सगळ्यांच्या वतीने आवरून जायचं कबूल केलं, त्याचा शब्द शेवटच्या, सर्वांत घाईत लिहिलेल्या चाइल्ड क्लासच्या एका ओळीवर लटकत असतो.

जॉश स्मिथ यांच्या कोडमध्ये यावर एक साधा उतारा होता. बेसचा डिस्पोज स्वतःकडेच ठेवलेला, आणि तो आतून ‘ऑनडिस्पोज’ नावाची दुसरी मेथड बोलावतो. ती मेथड बेसमध्ये पूर्ण रिकामी. ज्याला आवरण्यासारखं काही असेल त्याने ती भरावी. नसेल त्याने हात लावू नये. बेसला हाक द्यायची राहिली तरी काही अडत नाही, कारण बेसमध्ये राहण्यासारखं काही नाहीच. मला ही रिकामी मेथड आवडते. बहुतेक व्ह्यूमॉडेलांना खरंच काही आवरायचं नसतं. चार स्ट्रिंग, दोन आकडे, एक यादी. ती कलेक्टर बिनबोभाट नेतो. सगळ्यांच्या डोक्यावर विधी लादण्यापेक्षा, लागला तर कोपरा आहे एवढं सांगून ठेवणं बरं.

रिॲक्टिव्ह पद्धतीने लिहिणाऱ्यांनी दुसरी वाट काढली. तिथे एखाद्या गोष्टीला ‘मला कळव’ म्हटलं, की त्याच क्षणी ते रद्द करायचं साधनही हातात मिळतं. ते बेस क्लासच्या एका पिशवीत टाकायचं. शेवटी बेस ती पिशवी पालथी करतो, आत काय होतं ते न बघता. यात शेवटी आठवायचं काही उरत नाही. घेतानाच परतीचं ठरलेलं असतं. माणसांच्या व्यवहारात असं क्वचित होतं. मैत्री करताना ती कशी संपवायची हे कुणी ठरवून घेत नाही, आणि घेतलं तर त्याला मैत्री म्हणावं का, हाही प्रश्न आहे. कोडला तो प्रश्न नसल्यामुळे पिशवी तिथे शोभून दिसते.

एवढं सगळं बेस क्लासमध्ये सज्ज असलं, तरी ‘आता आवर’ हे कुणी सांगायचं? डब्ल्यूपीएफमध्ये विंडो मिटली म्हणून तिच्या व्ह्यूमॉडेलचा डिस्पोज आपोआप बोलावला जात नाही. विंडोला त्याचा मालकी हक्कच नसतो, ती फक्त त्याच्याकडे बघत असते. मग प्रत्येक लायब्ररी आपापल्या स्वभावाप्रमाणे उत्तर देते. लॉरां बुन्यों यांच्या एमव्हीव्हीएम लाइटमधल्या बेस क्लासला आधी डिस्पोज होता. पुढे तो बाजूला सारून ‘क्लीनअप’ नावाची मेथड आली. डिस्पोज म्हटलं की ऑब्जेक्ट संपला, पुन्हा वापरायचा नाही. क्लीनअपमध्ये ती अट नाही, आवरून पुन्हा कामाला लागता येतं. प्रिझममध्ये ‘डिस्ट्रॉय’ आहे, नावाप्रमाणेच रोखठोक. कॅलिबर्न मायक्रोने मात्र एक हळुवार प्रश्न त्यात घालून ठेवला. पडदा नजरेआड होताना तो व्ह्यूमॉडेलला कळवतो आणि सोबत खरं-खोटं असं एक उत्तरही देतो, हे मिटणं कायमचं की नुसतं बाजूला होणं? दुसऱ्या टॅबवर गेलेला माणूस आणि घर सोडून गेलेला माणूस, दारातून बाहेर पडताना सारखेच दिसतात. तेव्हाच विचारून घेतलेलं बरं.

अँड्रॉइडवर तर जाणं-येणं याहून अजब आहे. फोन उभ्याचा आडवा केला की पडदा मरतो आणि नव्याने जन्मतो. हातात धरणाऱ्याला वाटतं, चित्र फक्त फिरलं. 2017 मध्ये गूगलने व्ह्यूमॉडेल आणलं ते बऱ्याच अंशी यासाठी, पडदा मेला तरी कुणीतरी मागे राहावं म्हणून. पडदा खरोखरच कायमचा गेला की व्ह्यूमॉडेलच्या ‘ऑनक्लिअर्ड’ला हाक येते. पण त्या मेथडमध्ये पाऊल पडेपर्यंत व्ह्यूमॉडेलच्या स्कोपमधली सगळी कामं आधीच रद्द झालेली असतात. ‘जाता जाता एवढं सेव्ह करून जातो’ म्हणून तिथे त्याच स्कोपमध्ये नवं काम सुरू केलं, तर ते सुरूच होत नाही. आणि फोनला मेमरी कमी पडली, सिस्टिमने सगळी प्रोसेसच मारली, तर ऑनक्लिअर्डही नाही. त्या क्षणी साचलेलं सगळं एका झटक्यात मोकळं होतं. गळतीही संपते आणि जे लिहून ठेवायचं राहिलं तेही संपतं. ज्याची खरोखर काळजी आहे ते अखेरच्या मेथडसाठी राखून ठेवण्यात अर्थ नसतो, हे अँड्रॉइड फार कोरडेपणाने शिकवतं.

आमच्या टीममध्ये नवी आलेली मुलगी या सगळ्या खटाटोपावर नाराज आहे. तिच्या मते यादीच तशी ठेवावी की नाव चढलं तरी पकड बसू नये. असा प्रकार आहे, वीक रेफरन्स. पत्ता ठाऊक असतो, पण त्या पत्त्याच्या जोरावर कुणाला जिवंत ठेवलं जात नाही. कलेक्टर येऊन त्या ऑब्जेक्टला नेऊ शकतो, आणि मग यादीतल्या पत्त्यावर विचारलं तर ‘इथे कोणी नाही’ असं उत्तर मिळतं. डब्ल्यूपीएफमध्ये अशा इव्हेंटांसाठी वेगळा मॅनेजरही आहे. ऐकायला ही रीत फार सभ्य वाटते. ओळख ठेवायची, अडवायचं नाही. मी तिला म्हटलं, ‘अगं, पण कलेक्टर कधी येईल ते आपल्या हातात नाही. तोवर मिटलेली विंडो हाकेला ओ देतच राहणार. वजा-बरोबर लिहिलं की त्या ओळीनंतर ओ नाही, हे नक्की.’

ती थोडा वेळ कोड बघत राहिली. मग म्हणाली, ‘ते कळलं, मॅम. पण ज्याला जायचंय त्यानेच दरवेळी अर्ज का करायचा? जो थांबतो त्याच्याकडे यादी आहे, वेळ आहे. कोण आहे, कोण गेलं, हे त्याने बघावं ना.’

तांत्रिक उत्तर माझ्याकडे होतं. सर्व्हिसने दर भावाला शेकडो नावांची हजेरी घ्यायची म्हटलं तर ती भाव कधी कळवणार, विंडो मिटली की नुसती झाकली गेली हे तिला कसं कळणार, वगैरे. ते मी दिलंही. तिला ते पटलं नाही, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मलाही पुरतं पटलेलं नाही. बाबा पुरवठा ऑफिसात जायचं टाळत होते तेव्हा मीच चिडून म्हणाले होते, नाव माझं, लग्न माझं, मग हेलपाटे मीच घालायचे का? तेव्हा तो प्रश्न कुणाला विचारला होता, त्या ऑफिसला, बाबांना की आणखी कुणाला, ते आता सांगता येत नाही. तिचा बदल रिव्ह्यूला आला आहे. बेस क्लासमध्ये तिने वीक रेफरन्सची यादी टाकली आहे, आणि माझ्या शेऱ्याखाली तिचं ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे. मर्ज करायला माझी संमती हवी. वजा-बरोबर ठेवू, असं लिहायला मी दोनदा बसले. शेरा अजून उघडाच आहे.